कवडशांतले वन्यजीव, कृष्णधवल छायाचित्रांत: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिक आणि आसपासच्या तालुक्यांत झाडीत फिरून पक्षी-प्राणी टिपणाऱ्यांसाठी हे पान आहे. कॅमेऱ्याची प्राथमिक ओळख आहे असे गृहीत धरले आहे. आकडे सुरुवात करण्यापुरते समजावेत, शेवटचा शब्द हिस्टोग्रामचा (कॅमेऱ्यातला उजेडाच्या वाटपाचा आलेख).

कवडशांतले ऊन टाळा असे सगळे सांगतात. मग मुद्दाम त्यातच कृष्णधवल का काढायचे?

रंगीत छायाचित्रात कवडशांचा त्रास दुहेरी असतो. ऊन पडलेला भाग पिवळट, सावलीतला निळसर, पानांतून गाळून आलेला उजेड हिरवट, आणि हे तिन्ही रंग एकाच प्राण्याच्या अंगावर. व्हाइट बॅलन्स एका जागी जमवला की दुसरीकडे बिघडतो. कृष्णधवलमध्ये हा त्रास संपतो आणि फक्त उजेडाचा फरक उरतो.

पण रंगाबरोबर एक आधारही जातो. हिरव्या झुडपापुढचे तपकिरी मुंगूस रंगीत चित्रात आपोआप सुटे दिसते. राखाडीत मुंगूस आणि झुडूप एकाच छटेचे होऊन बसतात. मग प्राण्याला पार्श्वभूमीतून वेगळे काढायचे काम एकट्या उजेडाला करावे लागते, आणि त्यासाठी कवडशाइतके नेमके साधन दुसरे नाही. अट एकच: चौकटीत दहा कवडसे असले तरी काम एकालाच द्यायचे आणि बाकीच्यांना गप्प बसवायचे. खालची बहुतेक उत्तरे या गप्प बसवण्याचीच आहेत.

पानांतली फट कशीही वेडीवाकडी असली तरी कवडसा गोल का पडतो? फोटोसाठी याचा काय उपयोग?

लहान फट भिंगाशिवायच्या कॅमेऱ्यासारखी वागते. जमिनीवर पडते ती फटीची आकृती नसते, सूर्याची प्रतिमा असते. म्हणूनच खंडग्रास ग्रहणात झाडाखालचे सगळे कवडसे चंद्रकोरीसारखे दिसतात.

उपयोग भरपूर आहे. आकाशात सूर्याची रुंदी साधारण अर्धा अंश भरते. त्यामुळे लहान फटीतून आलेल्या कवडशाचा व्यास हा फटीपासूनच्या अंतराच्या सुमारे एकशेआठावा भाग असतो. १० मीटर उंच फांद्यांतून आलेला कवडसा ९ सेंटीमीटरच्या आसपास, ३ मीटरच्या झुडपातून आलेला ३ सेंटीमीटरच्या आसपास. ९ सेंटीमीटरचा कवडसा ठिपकेवाल्या पिंगळ्याचा अख्खा चेहरा झाकतो. ३ सेंटीमीटरचे कवडसे त्याच पिंगळ्यावर पडले तर तो बुंध्यावरच्या डागांत मिसळून जातो. उंचावरून आलेल्या कवडशाची कडा मऊ आणि उजेडही काहीसा कमी असतो, कारण फटीतून सूर्याचा पूर्ण गोल एका वेळी दिसत नाही. झुडपातला कवडसा छोटा, कडक आणि झगझगीत. थोडक्यात, उंच झाडाखालचा प्राणी शोधा, झुडपातला सोडा.

दुसरा उपयोग वेळेचा. सूर्याला आपल्या स्वतःच्या रुंदीएवढे सरकायला सुमारे २ मिनिटे लागतात, त्यामुळे कवडसाही स्वतःच्या रुंदीएवढा सरकायला साधारण तेवढाच वेळ घेतो. झाड किती उंच आहे याने यात फरक पडत नाही. कवडशांची सरकण्याची दिशा ढोबळमानाने पश्चिमेकडून पूर्वेकडे. पिंगळा किंवा रातबगळा एका फांदीवर स्थिर बसला असेल आणि कवडसा त्याच्या पश्चिमेला दोन बोटांवर असेल तर थांबा, मिनिटभरात तो अंगावर येईल. पूर्वेला असेल तर तो निघून गेलेला आहे, पुढच्या फटीची वाट पाहा किंवा स्वतः जागा बदला.

कोणत्या झाडाखाली कसा उजेड मिळतो?

चिंच आणि बाभूळ यांची पर्णिका अगदी बारीक. त्यांच्याखाली ऊन चाळणीतून पीठ गाळावे तसे पडते, हजारो बारीक ठिपके एकमेकांत मिसळतात. कवडसा म्हणावा असे फारसे काही मिळत नाही, पण उजेडाचा फरक कमी असल्यामुळे एक्स्पोजर सोपे जाते. वड, उंबर, करंज यांची पाने मध्यम, दाट आणि चकचकीत. कवडसे थोडे, ठळक, मोठमोठ्या अंतरावर. कृष्णधवल रचनेसाठी हीच झाडे सर्वांत कामाची. मात्र चकचकीत पानांवरून ऊन परावर्तित होऊन पांढरे ठिपके चौकटभर उडतात, त्यांचा इलाज पुढे दिला आहे.

साग म्हणजे टोकाचा प्रकार. पाने हातभर लांब, त्यामुळे खाली सावलीचे मोठे तुकडे आणि उन्हाचे मोठे तुकडे. पावसाळ्यानंतर ऑक्टोबर ते डिसेंबरपर्यंत हे चांगले चालते. पानगळ झाली की सागाखाली सावली अशी उरतच नाही, फांद्यांच्या काठ्या-काठ्यांच्या रेघा जमिनीवर पडतात आणि प्राण्याच्या अंगावर गज असल्यासारखे दिसतात. तेव्हा सागवनापेक्षा ओढ्याकाठची करंज-उंबराची पट्टी बरी.

नाशिक परिसरात यासाठी कुठे आणि कोणत्या वेळी जावे?

सरावासाठी पांडवलेण्यांच्या पायथ्याचे नेहरू वनोद्यान पुरेसे आहे. खारी, मुंगूस, दयाळ, नाचण, टकाचोर यांच्यावर जेवढे शिकता येते तेवढे मोठ्या प्राण्यांवर शिकता येत नाही, कारण ते पुन्हा पुन्हा त्याच कवडशात येतात. खारीच्या पाठीवरचे पट्टे राखाडीत कसे उतरतात हे पाहणे हा उत्तम धडा आहे.

निफाड तालुक्यातले नांदूर मध्यमेश्वर हे गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळचे पाणथळ अभयारण्य, २०२० मध्ये जाहीर झालेले रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा). बहुतेक जण उघड्या पाण्यावरच्या बदकांसाठी जातात. कवडशांच्या कामाला मात्र चापडगावच्या बाजूची पाण्याकाठची झाडी पाहावी. झाडांत विसावलेले बगळे आणि रातबगळे, खाली पाण्यावरून उलटा येणारा उजेड, म्हणजे सावल्या आपोआप थोड्या भरलेल्या. बोरगड संवर्धन राखीव क्षेत्रात झाडी चांगली आहे. येवल्याजवळच्या ममदापूरला काळवीट आहेत, पण तो माळ आहे. तिथे कवडसे मिळतात ते कडक उन्हात कळप एखाद्या बाभळी-कडुनिंबाच्या आसऱ्याला आला तरच. संरक्षित क्षेत्रांत जाण्याआधी वनखात्याकडे प्रवेशाची वेळ आणि कॅमेऱ्याचे शुल्क विचारून घ्या, नियम बदलत असतात.

वेळेबद्दल. डिसेंबरअखेर नाशकात सूर्य सातच्या थोडा नंतर उगवतो आणि माध्यान्हीलाही ४६-४७ अंशांच्या वर जात नाही. म्हणजे हिवाळ्यात सकाळी आठ ते साडेदहा आणि दुपारी साडेतीन ते पाच तिरपे, लांबलचक कवडसे मिळतात. ते प्राण्याच्या कुशीवर आणि चेहऱ्यावर पडतात. मे महिन्यात सहाच्या सुमारास उजाडते आणि तिसऱ्या आठवड्यात सूर्य बरोबर डोक्यावर येतो. तेव्हा नऊनंतरचे कवडसे पाठीवर आणि टाळक्यावर पडतात, डोळे खोबणीच्या सावलीत जातात. उन्हाळ्यात साडेआठला कॅमेरा मिटलेला बरा. पावसाळ्यात ढग असले की कवडसेच नसतात, तेव्हा हा विषयच नाही.

एक्स्पोजर कशावर धरायचे?

उजळ भागावर. नेहमी. सावली अंधारली तर कृष्णधवल चित्राला ती शोभते. उजळ भाग जळाला तर तिथे पिसांचा किंवा केसांचा तपशील उरत नाही, कागदाचा कोरा तुकडा दिसतो.

झाडाखालच्या ऊन आणि सावलीत सहज ३ ते ५ स्टॉपचा फरक असतो (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा). उदाहरण घ्या: पूर्ण उन्हाला आयएसओ ४०० आणि एफ ५.६ ला १/३२०० लागतो. सावली ४ स्टॉप खाली असेल तर तिथे १/२०० लागेल. कॅमेऱ्याचे सरासरी मोजमाप चौकटीत सावली जास्त म्हणून तिच्याकडे झुकते, १/४०० सुचवते, आणि चेहऱ्यावरचा कवडसा ३ स्टॉपने उडतो. नव्याने सुरुवात करणाऱ्यांचे नव्वद टक्के फोटो इथेच जातात, असे म्हटले तर फार चूक ठरणार नाही.

पद्धत अशी. मोड मॅन्युअल, ऑटो आयएसओ बंद. ऑटो आयएसओ चालू ठेवला तर प्राणी दोन पावले हलला की एक्स्पोजर उड्या मारते. प्राणी ज्या उन्हात आहे तसल्याच उन्हात आपला तळहात धरा, स्पॉट मोजमाप (चौकटीतल्या एका लहान ठिपक्यापुरते) घ्या आणि ते अधिक १ वर येईल असा शटर लावा. तळहात मधल्या राखाडीपेक्षा (कॅमेऱ्याचे मोजमाप जी छटा शून्य धरते ती) साधारण एक स्टॉप उजळ असतो म्हणून अधिक १. मग एक चाचणी फोटो काढून हायलाइटची लुकलुक (जळालेला भाग पडद्यावर उघडमीट करतो ती) पाहा. प्राण्याच्या अंगावर लुकलुक असेल तर एक तृतीयांश स्टॉपने खाली या. पानावरच्या चकाकीत असेल तर दुर्लक्ष करा.

तळहाताऐवजी खडकावर किंवा मातीवर मोजायची सवय असेल तर सावध. आपल्याकडचा बेसाल्ट आणि काळी माती दोन्ही मधल्या राखाडीपेक्षा गडद. ब्रह्मगिरी किंवा पांडवलेण्यांच्या कातळावर शून्याला मोजले की सगळे चित्र उजळून जाते. उन्हातल्या कातळावर मोजायचेच असेल तर ते उणे १ ला ठेवा.

शटर किती? खार, नाचण यांना १/१०००च्या खाली जाऊ नका. बसलेल्या पिंगळ्याला १/२५० चालते, लेन्सला स्थिरीकरण असेल तर आणखी खाली. कवडशाच्या उजेडाला धरून एक्स्पोजर लावल्यामुळे आयएसओ ४०० ते ८०० मध्ये भागते, हा एक सुखद परिणाम.

कॅमेऱ्यात मोनोक्रोम सेटिंग ठेवावे का? मग रंग कायमचे जातात ना?

रॉ (सेन्सरची कच्ची, प्रक्रिया न केलेली फाइल) काढत असाल तर जात नाहीत. पडद्यावर आणि जेपेगमध्ये कृष्णधवल दिसते, रॉमध्ये सगळे रंग शाबूत राहतात. आरशाविना (मिररलेस) कॅमेरा असेल तर डोळ्याला लावल्या लावल्या राखाडी जग दिसते, आणि झुडपात मुंगूस हरवतेय की नाही हे क्लिक करण्याआधीच कळते. रॉ न ठेवता नुसत्या जेपेगवर मोनोक्रोम काढू नका, मागे फिरायला वाट राहत नाही.

आरसेवाला (डीएसएलआर) कॅमेरा असेल तर जुनी युक्ती: डोळे किलकिले करून पाहा. तपशील आणि रंग दोन्ही फिके होतात, उजेडाचे मोठे गठ्ठे तेवढे उरतात. त्या गठ्ठ्यांत प्राणी ओळखू येत नसेल तर चित्रातही येणार नाही.

मुख्य कवडसा प्राण्यावर नेमका कुठे पडलेला हवा?

डोळ्यावर, किंवा डोळ्याला लागून असलेल्या गालावर-कपाळावर. नजर चौकटीतल्या सर्वांत उजळ जागेकडे आधी जाते. ती जागा जर कुल्ला असेल तर चित्र कुल्ल्याचे होते, मग चेहरा कितीही रेखीव असो. डोळा सावलीत आणि कवडसा मानेवर अशी स्थिती असेल तर डोळ्यात आकाशाचा एखादा ठिपका चमकतोय का पाहा. तेवढ्यावर काम निभावते. तोही नसेल तर बटण दाबू नका.

यानंतरचा प्रश्न शरीररेषेचा. कवडसे अंगावर विखुरले की प्राण्याची बाह्यरेषा तुटते, कारण उजळ तुकडा उजळ पार्श्वभूमीला आणि गडद तुकडा गडद पार्श्वभूमीला जाऊन चिकटतो. निदान डोके, पाठीची कड आणि शेपटीचा उगम या तीन ठिकाणी रेषा सलग दिसायला हवी. बाकी शरीर अंधारात गेले तरी पाहणारा ते मनाने पूर्ण करतो. वानराच्या बाबतीत शेपूट ही वेगळीच भानगड आहे: ती लांब लोंबते, मध्येच एका कवडशातून जाते आणि चौकटीच्या खालच्या भागात एक सुटा पांढरा तुकडा लटकलेला दिसतो. एक तर शेपूट पूर्ण घ्या किंवा चौकट वर उचलून ती कंबरेपाशी कापा.

उलटी रचनाही करता येते. प्राणी पूर्ण सावलीत, मागे एकच मोठा उजळ तुकडा, आणि त्यावर प्राण्याची काळी आकृती. यात अंगावर एकही कवडसा नको. शिंगे, शेंडी, लांब चोच, शेपटीचा झुपका असे ओळखीचे टोक असलेला प्राणी लागतो. काळविटाचा नर यासाठी अप्रतिम, पारवा कुचकामी. उजळ तुकड्यावर शून्य ते अधिक १ लावा, प्राणी आपोआप काळा होतो. आकृतीभोवती सगळीकडून थोडी तरी मोकळी उजळ जागा राहिली पाहिजे. कान फांदीला टेकला की कानाची फांदी झाली म्हणून समजा.

चौकटीच्या कडा शेवटी तपासा आणि नीट तपासा. कोपऱ्यातला नखाएवढा पांढरा ठिपका रंगीत चित्रात खपतो. कृष्णधवलमध्ये तो नजर ओढून बाहेर काढतो. अर्धे पाऊल डावी-उजवीकडे, किंवा गुडघ्यावर बसणे, यात बहुतेक ठिपके चौकटीबाहेर किंवा बुंध्याआड जातात. झूम थोडे आत घेण्यापेक्षा पाऊल हलवणे चांगले, कारण झूमने पार्श्वभूमीची मांडणी बदलत नाही, पावलाने बदलते.

वारा असेल तर?

एकाच ठिकाणी रोखून १०-१५ फोटोंच्या फैरी काढा. फटी उघडमीट करत असतात, त्यातल्या एखाद्यात उजेड नेमका डोळ्यावर पडतो. एक्स्पोजर मॅन्युअल असल्यामुळे ज्यात कवडसा नाही ते फोटो काळे येतील, ते येऊ द्या.

ठिपकेवाला पिंगळा किंवा पट्टेरी-ठिपक्यांचे प्राणी कवडशात दिसेनासेच होतात. काय करावे?

ते त्यासाठीच तसे आहेत. ठिपके आणि कवडसे एकाच मापाचे झाले की रेषा मोडते. दोन मार्ग आहेत. पहिला, मापांत फरक पाडा: ठिपक्यांपेक्षा खूप मोठा कवडसा असलेली फांदी किंवा पूर्ण सावली निवडा. दुसरा, लपणे हाच विषय करा. चौकटभर साल, पाने, डाग, आणि त्यात शोधावा लागणारा चेहरा. हे जमायला दोन्ही डोळे स्वच्छ, समोर पाहणारे आणि तंतोतंत फोकसमध्ये हवेत. एफ ८ किंवा एफ ११ वापरा, म्हणजे सालही तितकीच रेखीव येते. अर्धवट लपलेला आणि अर्धवट सुटा असा मधला प्रकार मात्र कुणालाच पटत नाही, पाहणाऱ्याला तो सरळ फसलेला फोटो वाटतो.

मागे पांढऱ्या गोल तबकड्या दिसतात. त्या घालवायच्या कशा?

झाडीतून दिसणारी आकाशाची भोके फोकसबाहेर गेली की लेन्सच्या छिद्राच्या आकाराच्या तबकड्या होतात. चौकटीच्या कडेला त्या मांजराच्या डोळ्यासारख्या चपट्या. रंगीत चित्रात लोक त्यांना ‘बोके’ (bokeh, फोकसबाहेरची मऊ धूसरता) म्हणून मिरवतात, इथे मात्र त्या बहुतेक वेळा अडथळा ठरतात, कारण पिंगळ्याच्या डोक्यामागची एक तबकडी त्याला देवादिकांचे तेजोवलय देऊन जाते.

त्या येतात तुम्ही खालून वर पाहता तेव्हा. म्हणून कॅमेरा शक्य तितका प्राण्याच्या पातळीवर आणा. उतारावर असाल तर वरच्या बाजूला जा, म्हणजे मागे आकाशाऐवजी दरी, कातळ किंवा समोरचा डोंगर येतो. नाशिकच्या डोंगरउतारांचा हा फायदा सपाट प्रदेशातल्यांना नाही. डायफ्रॅम (लेन्सचे छिद्र) बारीक केल्याने तबकड्या लहान होतात पण कडाही टोकदार होतात, एफ ११ ला त्या बहुकोनी दिसू लागतात. बारीक करण्यापेक्षा मागे बुंधा आणणे केव्हाही सरस.

ऑटोफोकस पानांवर किंवा कवडशावर जाऊन बसतो. उपाय?

ऑटोफोकसला कडा लागतात, आणि झाडाखाली सर्वांत ठळक कडा कवडशाच्या असतात. मोठा झोन सोडून एकच बिंदू किंवा सर्वांत लहान झोन घ्या. प्राण्याचा डोळा ओळखणारी प्रणाली डोळा सावलीत असेल तर चाचपडते, तेव्हा ती बंद करून बिंदू गालावरच्या ऊन-सावलीच्या कडेवर ठेवा. त्या कडेवर तो चटकन अडकतो आणि डोळा त्याच प्रतलात असतो. फोकस मागच्या बटणावर घेतला असेल तर एकदा जमल्यावर अंगठा उचला, फांद्या हलल्या तरी तो भरकटत नाही.

दयाळ मुळातच काळापांढरा. त्याचा फोटो सर्वांत सोपा नाही का?

उलट, सर्वांत अवघड. नराचा काळा भाग सावलीत असेल आणि पांढरा पोटाचा भाग कवडशात, तर फरक ७-८ स्टॉपवर जातो. पांढऱ्यावर एक्स्पोजर धरावे तर काळ्यात डोळाही बुडतो. दयाळ पूर्ण सावलीत असताना, मागे मध्यम राखाडी बुंधा ठेवून काढा, किंवा कवडसा फक्त काळ्या पाठीवर पडेल तेव्हा. काळ्या पिसांवर उन्हात जी चमक येते ती राखाडीच्या दोन-तीन सुंदर छटा देते. मादी करडी असते, सरावाला ती बरी.

फिल्टर लागतात का?

रंगीत फिल्टर डिजिटलला नकोत, ते काम नंतर होते. पोलरायझरचे (चकाकी कापणाऱ्या फिल्टरचे) काम मात्र नंतर करता येत नाही. करंज-वडाच्या पानांवरची चकाकी तो कापतो आणि पांढरे ठिपके एकदम कमी होतात. किंमत दीड ते दोन स्टॉप उजेडाची. बाजारातल्या अनेक १५०-६०० लेन्सना ९५ मिलिमीटरचा लागतो आणि तो महाग पडतो. आधी जागा बदलून पाहा: पाने ज्या कोनातून चकाकतात त्यातून थोडे बाजूला झाले तरी फुकटात बराच फरक पडतो.

संगणकावर रंगीत रॉचे कृष्णधवल कसे करावे?

सॅच्युरेशन शून्य करून नको. तिथे प्रत्येक रंगाचे राखाडीत रूपांतर ठरावीक प्रमाणात होते आणि तपकिरी प्राणी व हिरवी पाने शेजारी येऊन बसतात. लाइटरूम, डार्कटेबल, रॉथेरपी, कशातही रंगवार मिश्रणाची सोय (प्रत्येक रंगाची राखाडी छटा वेगळी ठरवणारी सरकपट्टी) आहे, ती वापरा.

नारिंगी अधिक १५ ते ३० करा: तपकिरी, बदामी केस आणि पिसे उजळतात. पिवळा उणे २० ते ४०, हिरवा उणे १० ते २०: पाने मागे सरतात. बऱ्याच जणांना आश्चर्य वाटते, पण हिरवी दिसणारी पाने हिरव्यापेक्षा पिवळ्या पट्टीला जास्त दाद देतात. वाळलेले गवत आणि काळविटाची मादी दोन्ही नारिंगी-पिवळ्यात येतात, तिथे ही युक्ती चालत नाही, ब्रशनेच वेगळे काढावे लागते.

लाल आणि निळ्या वाहिनीचा (चॅनेलचा) कवडशांशी खास संबंध आहे. ऊन पिवळसर, मोकळ्या आकाशाखालची सावली निळसर. त्यामुळे लाल वाहिनीवर जोर दिला की ऊन-सावलीतला फरक वाढतो, निळ्यावर दिला की कमी होतो. कवडसे फार कडक पडले असतील तर निळ्याकडे थोडे झुकून पाहा. मात्र निळ्या वाहिनीत नॉइज (रवाळपणा) जास्त असतो, त्यामुळे थोडेच. दाट पानांखालची सावली हिरवट असते, तिथे हा फरक तितका जाणवत नाही.

मग स्थानिक काम. मुख्य कवडसा सोडून बाकीचे एकेक करून मऊ ब्रशने ०.३ ते ०.५ स्टॉपने खाली घ्या, गरज पडल्यास दुसरा हात फिरवा. एकदम दीड स्टॉप ओढला की पांढऱ्याचा मळकट राखाडी डाग होतो आणि तिथे काहीतरी पुसल्यासारखे वाटते. मूळ जळालेला कवडसा तर खाली येतच नाही, फक्त करडा होतो. डोळ्याच्या आसपास ०.२ ते ०.३ वर, त्याहून जास्त नाही. क्लॅरिटी आणि डीहेझ या उठाव वाढवणाऱ्या पट्ट्यांना झाडीच्या फोटोत हात लावू नका, प्रत्येक पानाभोवती पांढरी कड उमटते. सावल्यांची पट्टी पूर्ण वर ढकलणे हीदेखील सार्वत्रिक खोड आहे. काळे काळेच राहू द्या.

सावली भरायला फ्लॅश मारावा का?

नको. पिंगळा, घुबड, रातबगळा यांच्या डोळ्यांवर मारू नये हे एक, आणि सपाट उजेडाने कवडशाचा अर्थच जातो हे दुसरे. पिल्ले असलेल्या घरट्यापाशी थांबणे, मोबाइलवर आवाज वाजवून पक्षी कवडशात बोलावणे, चौकट साफ करायला फांद्या तोडणे, हेही नको. तोडलेल्या फांदीने घरटे उघडे पडते आणि कावळ्याला वाट मिळते.

स्पर्धेला पाठवताना नको असलेला कवडसा पुसला तर चालतो का?

निसर्ग विभागात नाही. फियाप, पीएसए या आंतरराष्ट्रीय छायाचित्र संस्थांची जी सामायिक निसर्ग-व्याख्या आहे तिच्यात पूर्ण कृष्णधवल रूपांतर चालते. क्रॉप, आणि विषय न बदलणारे गडद-उजळ करणेही चालते. चित्रातला घटक काढणे, टाकणे किंवा हलवणे चालत नाही. इन्फ्रारेड चित्रेही नाहीत. म्हणजे ठिपका गडद करता येतो, क्लोनने (शेजारचा भाग वर चिकटवून) मिटवता येत नाही. मोनोक्रोम विभागाचे नियम वेगळे असतात, नियमपत्रिका त्या त्या वेळी वाचा.

फिल्मवर काढतो. हेच नियम लागू?

एक्स्पोजरचा नियम उलटा होतो. निगेटिव्ह फिल्म उजळ भाग बरेच सांभाळते, पण सावलीत जे नोंदलेच नाही ते परत येत नाही. एचपी५ प्लस किंवा ट्राय-एक्ससारखी ४०० ची फिल्म असेल तर तपशील हव्या असलेल्या सावलीवर मोजून २ स्टॉप खाली या, आणि डेव्हलपिंगचा वेळ १५ ते २० टक्के कमी करा. पूर्ण रोल तशाच उजेडात काढलेला असावा. अर्धा रोल ढगाळ दिवसाचा असेल तर ते फोटो मवाळ येतील. आणि इथे पिवळा किंवा हिरवट-पिवळा फिल्टर खरोखर कामाचा आहे.

निफाड-दिंडोरीच्या उसात बिबट्या असतो. उसातल्या उभ्या पट्ट्यांच्या उजेडात त्याचा फोटो कसा घ्यावा?

उसात शिरून घेऊ नये. तोडणीच्या हंगामात फडात पिल्ले घेऊन बसलेली मादी असू शकते, आणि दोन सरींमध्ये परतीची वाट नसते. बिबट्या दिसल्याची वर्दी आली की गर्दीत कॅमेरा घेऊन धावणेही तितकेच वाईट. गराडा पडला की तो बिथरतो आणि जखमी होतो तो शेतमजूर. उभ्या पट्ट्यांचाच उजेड हवा असेल तर बांबूचे बेट बघा. बेटातल्या सातभाईंच्या थव्यावर तोच उजेड पडतो, आणि ते जमिनीवर पाने उलटत एका पट्टीतून दुसऱ्या पट्टीत जात राहतात.

घरी पडद्यावर उत्तम दिसते, प्रिंट मात्र काळवंडून येते. का?

पडदा फार उजळ आहे. तो १०० ते १२० कँडेला प्रति चौरस मीटरच्या (पडद्याच्या उजळपणाचे माप) आसपास आणा. मोजायचे साधन नसेल तर पडद्याशेजारी खिडकीच्या उजेडात कोरा कागद धरा, दोन्ही सारखे पांढरे दिसेपर्यंत पडदा मंद करा. मॅट कागदावर काळे तितके खोल जात नाही, त्यामुळे सावलीतले बारकावे एकमेकांत मिसळतात. कवडशांच्या चित्राला बॅरायटा किंवा लस्टर (किंचित चमक असलेला) कागद बरा.

रंगीत फोटोच्या कागदावर कृष्णधवल छापले की किंचित हिरवट किंवा जांभळट झाक येऊ शकते. मोठ्या प्रिंटची ऑर्डर देण्याआधी चेहरा आणि शेजारची सावली यांचा ४ बाय ६ इंचांचा तुकडा मूळ मापाच्या प्रमाणात छापून घ्या आणि तो दिवसाच्या उजेडात, दुकानाच्या दाराबाहेर येऊन पाहा. दुकानातल्या दिव्याखाली झाक कळत नाही.